चाकांवरचे घर आणि भरतीचे गणित
हिवाळ्यात कॅम्पर व्हॅनने कोकणकिनारा : काय पाहावे, काय टाळावे, आणि निघण्यापूर्वी काय विचारावे

- विशेष प्रतिनिधी

कोकणातल्या गावी जाण्याचे मुंबईकर चाकरमान्याचे वेळापत्रक ठरलेले असते. गणपतीला, शिमग्याला, नाहीतर मुलांच्या मे महिन्याच्या सुटीत. या तिन्ही वेळी गाड्या तुडुंब भरलेल्या असतात आणि रस्ता वाहनांनी. मार्गशीर्ष-पौषात मात्र गावाकडे सहसा कोणी फिरकत नाही. वास्तविक हाच काळ कोकणाचा खरा मोसम होय. पाऊस सरलेला, समुद्र शांत, आंब्याला मोहोर येऊ लागलेला, आणि रात्री जेमतेम एक चादर लागेल इतकीच थंडी.

याच काळात किनाऱ्याकिनाऱ्याने, चार-पाच मुक्काम करीत, अधूनमधून समुद्रकाठी पायी फिरत आपल्या माणसांकडे जायचे, ही कल्पना आता मराठी कुटुंबांत रुजू लागली आहे. त्यासाठी निवडले जाणारे वाहन म्हणजे कॅम्पर व्हॅन, अर्थात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेली गाडी. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून अशा गाड्यांबद्दलचे कुतूहल वाढले आहे. मात्र गाडीची जाहिरात जितकी आकर्षक, तितकी तिच्यामागची व्यवहारी माहिती सहजी मिळत नाही.

प्रस्तुत प्रतिनिधीने गेल्या मार्गशीर्षात मुंबई ते देवगड हा प्रवास अशा गाडीने केला. कारण हौसेचे नव्हते. वडिलांची, म्हणजे आमच्या अण्णांची थोरली बहीण देवगड तालुक्यात गावच्या घरी एकटी राहते. अक्कांनी ऐंशी केव्हाच ओलांडली आहे. त्या आता प्रवास करू शकत नाहीत. अण्णांचे शस्त्रक्रियेनंतर असे झाले आहे, की दर तास-दीड तासाला स्वच्छतागृह लागते आणि पाठ टेकावी लागते. रात्रीची बस बंद झाली, रेल्वेतल्या गर्दीची धास्ती बसली, आणि पाहता पाहता बहीण-भावाची भेट होऊन तीन वर्षे लोटली. "आता फोनवरच काय ते," असे अण्णा म्हणू लागले तेव्हा घरात या गाडीचा विषय निघाला.

हिवाळाच का?

याचे उत्तर गाडीच्या बॅटरीत दडलेले आहे. कॅम्पर व्हॅनमध्ये साधारणपणे दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठी, दुसरी घरातल्या वापरासाठी. दुसरी बॅटरी बारा व्होल्ट आणि शंभर अँपिअर-अवर क्षमतेची आहे असे धरले, तर तिच्यात बाराशे वॉट-अवर वीज साठते. ती जुन्या शिशाच्या प्रकारातली असेल, तर त्यातली निम्मीच वापरावी. अन्यथा बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाती उरले सहाशे.

आता खर्च पाहू. पंचवीस वॉटचा पंखा आठ तास चालला तर दोनशे. दहा वॉटचे दिवे पाच तास लावले तर पन्नास. मोबाइल, पाण्याचा पंप आणि लहान शीतकपाट यांचा खर्च धरूनही रात्र निभावते. वातानुकूलन यंत्र मात्र तासाला हजार वॉटच्या आसपास वीज ओढते. ते लावले तर सगळा साठा अर्ध्या-पाऊण तासात संपतो. मे महिन्याच्या घामट रात्री कोकणात अशा गाडीत झोपायचे, तर बाहेरून वीजजोडणी घेण्यावाचून गत्यंतर नाही. डिसेंबर-जानेवारीत जाळी लावलेली खिडकी किलकिली ठेवली की पुरे. हिवाळ्यात हे वाहन खऱ्या अर्थाने स्वतंत्र होते ते यामुळे.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. वातानुकूलनासाठी इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणे, किंवा ऊब म्हणून कोळशाची शेगडी आत पेटवणे, हे दोन्ही प्रकार प्राणघातक ठरू शकतात. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला तो जागेही करीत नाही. स्वयंपाकाचा गॅसही खिडकी उघडी ठेवूनच पेटवावा आणि झोपण्यापूर्वी सिलिंडरची कळ बंद करावी.

गाडी घेण्यापूर्वी

भाड्याची गाडी ठरवताना पहिला प्रश्न आतल्या पलंगाचा नव्हे, तर नोंदणीपत्रकाचा विचारावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत. साध्या प्रवासी व्हॅनमधील आसने काढून पलंग बसवलेली गाडी देखणी दिसत असली, तरी तिची नोंद जुन्याच प्रकारात असेल, तर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करू शकते. तसेच खासगी, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे. नोंदणीपत्रक, विमा आणि परवाना या तिन्ही कागदांच्या प्रती आगाऊ मागवून घ्याव्यात.

दुसरी बाब वजनाची. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाचे वाहन चालवता येते. बहुतेक कॅम्पर व्हॅन या मर्यादेत बसतात. मात्र पाण्याची शंभर लिटरची टाकी भरली, की गाडीवर शंभर किलोंचा बोजा वाढतो. घाटात उतरताना ब्रेकवर त्याचा ताण जाणवतो. तेव्हा पाणी वाटेत घेत जावे, घाटापूर्वी टाकी काठोकाठ भरू नये.

तिसरी बाब उंचीची आणि लांबीची. कोकणातल्या गावांतले रस्ते दोन्ही बाजूंच्या जांभ्या दगडांच्या गडग्यांमधून जातात. वर फणसाची फांदी, तिच्या खाली विजेची तार. गाडीची उंची कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावी, हे आम्हांला दुसऱ्या दिवशी सुचले. तोपर्यंत एका फांदीने छतावरच्या झडपेचा कोपरा उडवला होता.

चार खाड्या, चार तरी

मुंबई-गोवा महामार्गाने गेल्यास समुद्र दिसत नाही. किनाऱ्याने जायचे तर खाड्या आडव्या येतात, आणि काही ठिकाणी त्यांच्यावर आजही पूल नाहीत. राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा ते दिघी, सावित्रीवर बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीवर तवसाळ ते जयगड अशा चार फेरीबोटी वाहनांसह माणसांना पलीकडे नेतात. त्यांतली दाभोळची सेवा २००३ पासून सुरू आहे. मुंबईतूनच समुद्रमार्गे सुरुवात करायची असेल, तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो सेवा मार्च २०२० पासून उपलब्ध आहे.

या बोटींवर चढताना लांब गाडीची अडचण होते ती ओहोटीच्या वेळी. पाणी खाली गेले, की धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोन पडतो आणि गाडीचा मागचा लोंबता भाग घासतो. आम्हांला वेसवीच्या वाटेवर बोटीतल्या खलाशांनीच गाडी तिरकी घेऊन चढवायला लावले. पाणी अर्धे चढलेले असताना बोट धरली, तर हा त्रास वाचतो. म्हणजे गाडीच्या प्रवासालाही भरती-ओहोटीचे गणित लागतेच.

तिथीची पाऊणपट

हे गणित आम्हांला शिकवले ते श्रीवर्धन तालुक्यातील एका किनाऱ्यावरच्या वाडीमालकाने. पहिल्या मुक्कामाला तेथे पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. सुरूच्या झाडांपुढे वाळूचा सपाट, टणक पट्टा होता. पाणी दूर होते. गाडीचे दार समुद्राकडे करून तेथेच मुक्काम ठोकावा, असा बेत होता. वाडीमालक काठी टेकीत आले आणि म्हणाले, "आज दत्तजयंती ना? पौर्णिमा. रात्री अकराच्या पुढे इथं पाणी येईल. गाडी आत घ्या, अंगणात."

त्यांनी घड्याळ पाहिले नव्हते की वेळापत्रक. हिशेब साधा आहे. तिथीचा आकडा पाऊणपट केला, की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचे. एक भरती दिवसा, तर दुसरी साधारण साडेबारा तासांनी. दोन्हींच्या मध्ये ओहोटी. यामागचे कारण असे, की पृथ्वीच्या एका फेरीत चंद्रही थोडा पुढे सरकतो, त्यामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. पाऊणपट म्हणजे तिथीमागे पंचेचाळीस मिनिटे. पिढ्यान्पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेला हा आडाखा शास्त्राच्या इतका जवळ जातो. अर्थात तो मुंबईच्या आसपास अधिक जुळतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. शिवाय अचूक वेळेसाठी छापील किंवा मोबाइलवरचे भरतीपत्रक पाहिलेच पाहिजे.

पौर्णिमा आणि अमावास्येला सूर्य व चंद्र एका रेषेत येत असल्याने भरती मोठी होते. तिलाच उधाण म्हणतात. पण हिवाळी प्रवाशाने लक्षात ठेवण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. पावसाळ्यात त्यांतली मोठी भरती दिवसा येते, म्हणून तिच्या बातम्या होतात. हिवाळ्यात मोठी भरती येते ती मध्यरात्रीच्या सुमारास. दुपारच्या भरतीची ओली रेषा पाहून 'पाणी एवढेच येते' असा समज करून घेणारा माणूस रात्री फसतो तो येथे.

रात्री साडेअकराला जाग आली तेव्हा लाटांचा आवाज फारच जवळून येत होता. सकाळी उजेडात पाहिले. संध्याकाळी जेथे गाडी उभी केली होती, तेथे शेवाळ, नारळाच्या झावळ्या आणि एक तुटकी चप्पल यांची ओळ लागली होती. वाळू भिजून भुसभुशीत झाली होती. अण्णा त्या ओळीकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. गाडीत सर्वांत खालच्या पलंगावर तेच झोपले होते.

पायी फिरण्याचे नियम

किनाऱ्यावरच्या भ्रमंतीसाठी सर्वांत सुरक्षित काळ म्हणजे उतरते पाणी. ओहोटीची वेळ पाहावी, तिच्या दोन तास आधी निघावे आणि पाणी पुन्हा वर चढू लागण्यापूर्वी परतावे. ओल्या वाळूवर चालणे सोपे जाते. गुडघे दुखणाऱ्यांनाही कोरड्या वाळूपेक्षा ती मानवते. गुहागरचा लांबच लांब, सरळ किनारा यासाठी उत्तम. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता उतरत्या पाण्याबरोबर अण्णा तेथे अर्धा तास कोणाच्याही आधाराशिवाय चालले.

पाणी एकाच गतीने चढत नाही. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात ते जेमतेम बारावा हिस्सा चढते. तिसऱ्या आणि चौथ्या अशा दोन तासांत मिळून मात्र निम्मे पाणी वर येते. म्हणूनच जाताना घोट्याइतका असलेला वहाळ परतताना कमरेइतका होतो आणि लोक खडकांच्या पलीकडे अडकतात. दोन किनाऱ्यांमधली खडकाळ टोके वळसा घालून पार करायची असतील, तर परतीची वेळ आधी ठरवावी, मगच पाऊल टाकावे.

हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग हे याचे ठळक उदाहरण. डोंगराच्या चिरेतून पायऱ्या खाली उतरतात आणि लाटांनी मधाच्या पोळ्यासारख्या कोरलेल्या खडकांवरून वाट मंदिराकडे वळते. दृश्य विलक्षण आहे. पण भरतीच्या वेळी ही वाट लाटांच्या ताब्यात जाते, आणि छायाचित्राच्या मोहाने थांबलेल्यांना तेथे प्राण गमवावे लागले आहेत. आम्ही सकाळी सातलाच तेथे पोचलो, अण्णांना देवळात बसवले आणि पाऊण तासात प्रदक्षिणा आटोपली. साडेआठला वरून वळून पाहिले, तेव्हा ज्या खडकांवर उभे होतो त्यांच्यावर फेस पसरला होता.

हेदवीची बामणघळ ही याच्या उलट. काळ्या कातळातील त्या अरुंद घळीत पाणी शिरून उंच उसळते ते भरतीलाच. ते पाहायचे तर भरतीला जावे लागते, आणि म्हणूनच दूर उभे राहावे लागते. वद्य तृतीयेला दुपारी आम्ही ते दुरूनच पाहिले. घळीच्या कडेचा कातळ ओला असतो, शेवाळलेला असतो, आणि प्रत्येक सातव्या-आठव्या लाटेचा अंदाज चुकतो. समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये, हा नियम येथे जितका लागू आहे तितकाच गणपतीपुळ्याच्या गर्दीतही. तेथील पाण्यातला ओढा पोहणाऱ्यालाही आत खेचतो.

पाहुण्याचे भान

वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये तेथे संरक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे गावानेच ते आपले मानले. नोव्हेंबरपासून माद्या येऊ लागतात. पिले बाहेर पडतात ती दीड-दोन महिन्यांनी. तेव्हा पिले पाहायची असतील तर फेब्रुवारी-मार्चचा बेत करावा. मात्र कासवांच्या किनाऱ्यावर गाडी उतरवणे हा गुन्हाच समजला पाहिजे. चाकांखाली वाळू दबते, घरटी चिरडतात. आणि गाडीच्या दिव्यांनी बिचकलेली पिले समुद्राऐवजी जमिनीकडे चालू लागतात. अनेक किनाऱ्यांवर वाहन नेण्यास प्रशासनाची बंदी आहे. जेथे फलक नाही तेथेही ती आहे असेच धरून चालावे.

दुसरा प्रश्न सांडपाण्याचा. गाडीतल्या शौचालयाची पेटी दोन दिवसांत भरते. ती खाडीत, ओढ्यात किंवा सुरूच्या बनात रिकामी करणारे महाभाग आहेत. गावातल्या विहिरी उथळ असतात. जांभ्यातून घाण पाझरायला वेळ लागत नाही. ज्यांच्या अंगणात मुक्काम करायचा, त्यांना आधीच विचारून त्यांच्या शौचालयात ती रिकामी करावी. पेटीत तीव्र रसायन घातले असेल तर तेही सांगावे, कारण त्याने शोषटाकीतले उपयुक्त जिवाणू मरतात. या कामाचे पैसे देऊ केले तर बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. मग त्यांच्याकडची न्याहारी घ्यावी. घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी मिळते, आणि हिशेबही फिटतो.

वाहनासाठी जागा शोधताना किनाऱ्यापेक्षा वाडी बरी. वीज मिळते, विहिरीचे पाणी मिळते, रात्री कोणी आवाज दिला तर ओ देणारे माणूस असते. आजारी किंवा वृद्ध माणूस बरोबर असेल, तर प्रत्येक मुक्कामापासून जवळचे ग्रामीण रुग्णालय कोठे आहे, हे दिवसाउजेडी पाहून ठेवावे. मोबाइलची रेंज खाडीच्या काठी अनेकदा नसते; रस्ता आणि दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून घेतलेले बरे.

शेवटचा मुक्काम

चार रात्रींनंतर हिशेब मांडला. महामार्गाने एका दिवसात होणाऱ्या प्रवासाला पाच दिवस लागले. भाडे, डिझेल आणि बोटींचे तिकीट धरून खर्च रेल्वेच्या कितीतरी पट झाला. जो केवळ स्वस्त सहलीच्या अपेक्षेने ही गाडी घेईल, त्याची निराशा होईल. लहान कुटुंबाला गावोगावच्या घरगुती निवासांत उतरणे आजही अधिक परवडते. या वाहनाचा खरा उपयोग आहे तो स्वच्छतागृहाच्या धास्तीने, पाठीच्या दुखण्याने किंवा वेळच्या वेळी औषध व पथ्याचे खाणे हवे म्हणून घराबाहेर पडायचे सोडून दिलेल्या माणसांसाठी. अशी माणसे प्रत्येक घरात आहेत. त्यांची गाऱ्हाणी मात्र फारशी ऐकू येत नाहीत, कारण ती "आता नको" एवढेच म्हणतात.

पाचव्या दिवशी गणपतीपुळ्याला संकष्टीची रांग लागली होती. बाहेरूनच नमस्कार करून रत्नागिरी, पावस असे करीत जैतापूरची खाडी ओलांडली. वाघोटण नदी मागे टाकली तेव्हा दिवस मावळला होता. गावच्या वळणावर गडग्यांमधून गाडी आत जाईना. ती रस्त्यावर, चिंचेखाली उभी केली आणि शेवटची शंभर पावले विजेरीच्या उजेडात चालत गेलो.

अक्का पडवीत बसल्या होत्या. "इलंस?" एवढेच त्या म्हणाल्या. अण्णांनी पायऱ्या चढायला वेळ घेतला, त्या तेवढा वेळ उभ्या राहिल्या. चुलीवर मोदकांचे पातेले होते, पण पाने घेतली नव्हती. चंद्रोदय नऊच्या पुढे होता, आणि उपास दोघांचाही होता. दोन्ही भावंडे अंगणात खुर्च्या टाकून पूर्वेकडे तोंड करून बसली. समुद्राचा आवाज तेथपर्यंत येत होता. अक्कांनी बोटांवर काहीतरी मोजले आणि सांगितले, "चतुर्थी. तीनचं पाणी. आता ओहोटी लागलीय."